पाचव्या आठवड्यापासूनची वजनं

सोमणांच्या घरात वाणसामानाच्या यादीवरसुद्धा सह्या असत. थट्टा नाही, खरंच असत. हिंग आणून झाला की जगदीशराव 'हिंग' या शब्दावरून एकच रेघ मारायचे, खालचा शब्द वाचता आला पाहिजे अशी, आणि शेजारी बारीक अक्षरात 'ज. सो.' आणि तारीख. गिरगटायचं नाही, खाडाखोड करायची नाही, पांढऱ्या शाईचं तर नावही काढायचं नाही. औषधांच्या चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळेत असंच खोडतात, आणि एकतीस वर्षं ज्याने असं खोडलं त्याला घरी आल्यावर वेगळा हात कुठून येणार? त्यांची बायको चित्रा वैतागायची. "अहो, हिंग आहे तो, पुरावा नाही!" म्हणायची. लखनौला निशातगंजच्या पाचव्या गल्लीतला बनियासुद्धा ती यादी बघून हसायचा.

ते हसणं बंद झालं २०१४ च्या जूनमध्ये. एकाच यादीत हिंग तीनदा लिहिलेला तिला सापडला. तिन्ही वेळा रेघ, तिन्ही वेळा सही, आणि फडताळात हिंगाच्या तीन नव्या कोऱ्या डब्या. त्याच आठवड्यात ते स्कूटर निशातगंजच्या बाजारात ठेवून रिक्षाने घरी आले आणि सकाळी स्कूटर चोरीला गेली म्हणून आरडाओरडा केला. माणूस विसरतो हो, कोण विसरत नाही? पण हे विसरणं वेगळं होतं, आणि बायकोला ते कुणी सांगावं लागत नाही.

दाखवायला दिल्लीला नेलं. लखनौमध्ये दाखवलं असतं तर दोन दिवसांत बोभाटा झाला असता. इथली मराठी घरं ती किती, आणि त्यातली निम्मी या ना त्या संस्थेत शास्त्रज्ञ. दिल्लीच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि वर म्हणाले, कामाची घडी बसलेली आहे तोवर हे टिकतील, घरी बसले की उतार जोरात लागेल. परतीच्या गाडीत जगदीशराव खिडकीकडे तोंड करून बसले होते. अलीगढ गेल्यावर म्हणाले, "माझ्या वडिलांसारखं नको गं."

त्यांच्या वडिलांना शेवटची चार वर्षं वाईच्या घरात मागच्या खोलीत ठेवलं होतं, बाहेरून कडी लावून. लग्न होऊन आलेल्या चित्राने ती कडी स्वतः लावलेली होती.

"फेब्रुवारी सोळाला रिटायर होतोय मी," ते म्हणाले. "हार घालून, सगळ्यांचे हात हातात घेऊन बाहेर पडू दे मला. मग काय व्हायचं ते होऊ दे."

"पडाल," चित्रा म्हणाली. "मी आहे ना." ती मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. वीस महिने, असा हिशेब तिने तिथल्या तिथे मनात मांडला. झाकली मूठ वीस महिने झाकलेली ठेवायची. बाई शूर होती, पण हे किती जड जाणार आहे याची तिला सुतराम कल्पना नव्हती.

आधी चिठ्ठ्या झाल्या. फ्रिजवर, आरशावर, डब्याच्या झाकणाला. चिठ्ठी वाचायला आधी चिठ्ठी आहे हे आठवावं लागतं, हे आठ दिवसांत कळलं. मग बंगळुरूहून मैत्रेयीचा फोन आला. त्यांची एकुलती एक लेक. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र अर्धंअधिक हिंदीत. "आई, ये चिठ्ठियाँ छोडो. बाबांसाठी ॲप घे. आमच्या ऑफिसमध्ये सब उसी पे चलता है. काम डाल दो, टाइम डाल दो, वो खुद याद दिलाएगा."

बुडत्याला काडीचा आधार. हजरतगंजातून दोन फोन आणले, एक त्यांना, एक तिला. आणि मग सुरू झाली ॲपची निवड, आणि त्या निवडीने चित्राच्या नाकी नऊ आणले. स्टाफरूममध्ये तपासायच्या वह्यांचा ढीग बाजूला सारून ती फोनमध्ये डोकं घालून बसायची. एक ॲप फुकट होतं पण मराठी अक्षरं उमटेनात. एक दिसायला देखणं, पण वाचायला दुर्बीण हवी. एकात प्रत्येक काम चार खोल्यांपैकी एकीत टाकायचं होतं: महत्त्वाचं आणि तातडीचं, महत्त्वाचं पण तातडीचं नाही, आणि असंच पुढे. असल्या खोल्या पाडणाऱ्याला एकदा संसार करायला पाठवला पाहिजे! नवरा आंघोळ करून तासाभराने पुन्हा आंघोळीला निघाला, तर ते कुठल्या खोलीत टाकायचं?

त्यातल्या त्यात एक पसंत पडलं. ते बोलायचं. वेळ झाली की बाईच्या आवाजात काम वाचून दाखवायचं. दहा दिवस बरे गेले. अकराव्या दिवशी संस्थेच्या मीटिंगमध्ये, वीस माणसं बसलेली असताना, जगदीशरावांचा खिसा गोड आवाजात म्हणाला, "चश्मा गले में टँगा है." सगळी खोली हसली. जगदीशरावही हसले, "हमारी मिसेज का मज़ाक है," म्हणाले. घरी येऊन मात्र त्यांनी तो फोन टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसून राहिले. चित्राने ते ॲप त्यांच्या देखत काढून टाकलं.

तेवीस ॲपं बघून झाली आणि ऑक्टोबरच्या शेवटी चोविसावं सापडलं. साधं, पांढरं, मोठी अक्षरं. यादी दोघांच्या फोनवर एकच. वेळ झाली की त्यांच्या फोनची घंटी वाजायची, काम झालं की त्यांनी शेजारच्या चौकटीत बरोबरची खूण करायची. खूण झाली की ते काम यादीतून नाहीसं व्हायचं आणि त्याच क्षणी, ती कुठेही असो, चित्राच्या फोनवर 'टिंग' वाजायचं. राहिलेलं काम संध्याकाळी लाल होऊन बसायचं. तिला एवढंच हवं होतं. तिने देवाला हात जोडले.

जगदीशरावांना ते आवडलं नाही. खूण करून बघितली, काम नाहीसं झालं, तसे ते भुवया वर करून म्हणाले, "गेलं कुठे? कोणी खोडलं, कधी खोडलं, काहीच मागे राहत नाही की. याला काय रेकॉर्ड म्हणायचं?"

"अहो, रेकॉर्ड नाहीये ते. आठवण आहे."

"आठवण," ते म्हणाले. तिने तिकडे लक्ष दिलं नाही. तिला टिंग हवं होतं ना!

त्या यादीत तिने सगळं घातलं. रक्तदाबाची गोळी. दाढी. स्कूटरची किल्ली खुंटीला. आणि संस्थेतली कामंही, एकेक करून, त्यांच्याकडून विचारून विचारून. त्यांच्याकडे तेव्हा एक मोठं काम होतं, कदाचित शेवटचंच. लहान मुलांसाठीचं एक नवं औषध. ते माणसाला देण्याआधी नव्वद दिवस तीस उंदरांना द्यायचं आणि काय होतं ते पाहायचं. औषध रोज पाजायला नोकर होता. पण दर सोमवारी प्रत्येक उंदराचं वजन करायचं, आणि त्या वजनावरून त्या आठवड्याची मात्रा ठरवायची. हे सोमवारचं काम जगदीशराव स्वतः करायचे. चार नंबरच्या खोलीत एकटे जायचे, दार लावून घ्यायचे. दुसरं कोणी आलं की जनावरं बिचकतात, हे त्यांचं एकतीस वर्षांचं म्हणणं. 'सोमवार, अकरा वाजता, खोली चार, वजनं.' चित्राने लिहून टाकलं.

या वजनांवरून त्यांचं नाव होतं बरं का. पंधरा वर्षांपूर्वी पद्मा त्रिपाठी नावाची एक हुशार मुलगी त्यांच्या हाताखाली पीएचडी करत होती. दिवाळीला घरी गेली, दोन आठवड्यांची वजनं राहिली, आणि परत आल्यावर तिने टेबलाशी बसून आकडे भरून टाकले. कोणाला कळलं नसतं. जगदीशरावांनी कागद हातात धरला आणि मिनिटभराने विचारलं, "बेटा, ये चूहे कहाँ पाए जाते हैं?" सगळे उंदीर एका मापाने वाढलेले होते. खरा प्राणी असा शहाण्यासारखा वाढत नाही. एक आजारी पडतो, एक दुसऱ्याचं खातो, एक रुसून बसतो. पोरीचं चार वर्षांचं काम रद्द झालं. तिचे वडील बाराबंकीहून आले, याच घरात, याच दिवाणाजवळ त्यांच्या पाया पडले. चित्रानेही जगदीशरावांना आत नेऊन रदबदली केली, "पोरीचा जन्म आहे हो." तर म्हणाले, "आणि ज्याच्या पोटात ते औषध जाईल त्याचा?" संपलं.

तर ते नोव्हेंबरचे दिवस चित्राचे फार सुखाचे गेले. वर्गात फळ्यावर समीकरण चालू असायचं आणि पर्समध्ये टिंग व्हायचं, गोळी घेतली. टिंग, डबा खाल्ला. सोमवारी साडेअकराच्या सुमाराला टिंग, वजनं झाली. संध्याकाळी यादीत एकही लाल ओळ नसायची. पहिले दोन-तीन दिवस होत्या चार-पाच, तेव्हा ती फोन बघून पदराने डोळे टिपायची; नंतर एकही नाही. तिला परत भूक लागायला लागली. ती अमीनाबादला जाऊन स्वतःसाठी एक चिकन भरतकामाची साडी घेऊन आली, फेब्रुवारी सोळाच्या समारंभात नेसायची म्हणून. इतकी खात्री! मैत्रेयीला फोनवर म्हणाली, "तुझं ॲप लाखात एक आहे गं."

डिसेंबरच्या मध्याला जगदीशरावांना ताप भरला. सोमवार होता. बाहेर धुकं असं की समोरचं घर दिसेना. चित्राने शाळेतून रजा टाकली. नऊच्या सुमाराला त्यांच्या हाताखालच्या डॉ. रश्मी निगम यांचा फोन आला. "सर, आज के वेट्स मैं ले लूँ?"

"नहीं नहीं," जगदीशराव रजईतून म्हणाले. "कल आकर मैं ही करूँगा. मेरे जानवर हैं."

चित्राला बरं वाटलं. बघा, सगळं ध्यानात आहे. ती दिवाणाशेजारी वेताच्या मोड्यावर बसून मटार सोलायला लागली. अकरा वाजले. त्यांच्या फोनची घंटी वाजली. त्यांनी उशीखालून फोन काढला, चष्मा लावला, वाचलं, बोट टेकवलं. आणि स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवलेला चित्राचा फोन वाजला. टिंग.

मटाराची शेंग तिच्या हातात तशीच राहिली.

"काय केलंत?"

"वजनं," ते म्हणाले. "झाली."

"अहो, तुम्ही इथे झोपलाय. ताप आहे तुम्हाला."

ते जरा गोंधळले. मग हसले, पोर हसतं तसे. "दिवसाच्या दिवशी पान बंद झालं पाहिजे ना? आणि ते लाल झालं की तू रडतेस. तू रडलीस की मला काही सुचत नाही बघ."

ते पुन्हा रजईत शिरले आणि त्यांना डोळाही लागला. चित्रा उठली, ओट्यावर बघितलं. 'दूध तापवणे' सकाळीच गेलं होतं यादीतून. दूध पातेल्यात तसंच होतं, साय न धरलेलं, कच्चं. गोळ्यांची पट्टी काढली, मोजली. एकोणीस गोळ्या जास्त होत्या. एकोणीस टिंग, आणि ती त्यांच्यावर पोट भरून जेवली होती! तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. हाताने निवडलं होतं तिने ते. तेवीस टाकून हे एक ठेवलं होतं, का, तर टिंग वाजतं म्हणून.

आणि मग वजनं आठवली. तिने त्यांची बॅग उघडली.

अर्धा अभ्यास झाल्यावरचा अहवाल लिहायचा म्हणून त्यांनी रजिस्टरच्या झेरॉक्स घरी आणल्या होत्या. तीस उंदरांच्या तीस ओळी, आठवड्याचा एक रकाना. खाली प्रत्येक पानावर ज. सो. आणि तारीख. चित्राने पेन्सिल घेतली आणि वजाबाक्या सुरू केल्या. पहिले चार आठवडे ठीक होते. कोणी नऊ ग्रॅम वाढलेला, कोणी दोन, एक तर तीनने उतरलेला. पाचव्या आठवड्यापासून सहा. पहिला उंदीर सहा. दुसरा सहा. तिसरा सहा. तीसच्या तीस. सहाव्या आठवड्यात परत सहा, सातव्यात सहा, दहाव्यापर्यंत सहा. सतरा नंबरच्या उंदरासमोर शेवटच्या पानाच्या कडेला निगमच्या अक्षरात टीप होती: सव्वीस नोव्हेंबरला मृत. पुढचे दोन सोमवार मेलेला उंदीरही सहा-सहा ग्रॅमने वाढला होता.

पाचवा आठवडा म्हणजे तीन नोव्हेंबर. ॲप घेतल्यानंतरचा पहिला सोमवार. आता कसं झालं असेल ते तिला लख्ख दिसलं. घंटी वाजायची, ते खूण करायचे, काम यादीतून नाहीसं व्हायचं, आणि थोड्या वेळाने त्यांना एवढंच समजायचं की वजनं झालेली आहेत. झालेली आहेत तर आकडे हवेत. ते बसून आकडे लिहायचे, त्यांच्या मते खरे, जणू डोळ्यांनी पाहिलेले. एकतीस वर्षं ज्याने एक खोटं टिंब काढलं नाही तो माणूस!

अजून चौदा महिने होते. चौदा महिने, आणि दाराला बाहेरून कडी लावायची नाही. चित्राने काय केलं असेल? सांगायला लाज वाटते, पण सांगतो. तिने कोरा कागद घेतला, रकाने आखले आणि खोटी वजनं लिहायला बसली. चांगली खोटी. गणिताची बाई होती ती. आकडे बेशिस्त कसे दिसतील हे तिच्याइतकं कोणाला कळणार? एकाला आठ ग्रॅम दिले, एकाला एक, एकाला दोनने उतरवला. सतराला सव्वीस नोव्हेंबरला मारून टाकला, आणि त्याच्या आदल्या सोमवारी थोडा वाळवलासुद्धा. मंगळवारी ते रजिस्टर घरी आणतील. ही पानं ते पुन्हा लिहितील, जुनी फाटतील. ती शेजारी बसेल. दोन तास लागतील. तिला हे इतकं सफाईने जमत होतं की तिची तिलाच भीती वाटली, पण हात थांबेना.

"काय लिहितेस?"

जगदीशराव पाठीमागे उभे होते, शाल गुंडाळून. ताप उतरला असावा, कपाळावर घाम होता आणि डोळे एकदम स्वच्छ, जुने. तिने कागदावर हात ठेवला. त्यांनी तो अलगद बाजूला केला आणि आधी झेरॉक्स उचलली. मिनिटभर बघितली. एवढंच लागायचं त्यांना.

"हे कोणाचं आहे?" त्यांचा आवाज चढला. "हे टेबलावर बसून लिहिलंय. हा सतरा बघ, मेल्यावर वाढतोय! कोण आहे हा गाढव? याला उद्याच्या उद्या बाहेर काढला पाहिजे. मुलांना द्यायचं औषध आहे हे. मात्रा या वजनांवरून ठरते, समजतंय का त्याला?"

चित्रा नुसती नको-नको म्हणून मान हलवत होती. त्यांनी दुसरा कागद उचलला, तिचा.

"आणि हे? हे जास्त चांगलं जमलंय. हे कोणी केलं?"

"मी," ती म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे बघितलं. पद्माकडे त्यांनी कसं बघितलं होतं ते तिने पंधरा वर्षांपूर्वी पाहिलेलं नव्हतं, आता पाहिलं. मग ते परत झेरॉक्सकडे वळले, कोण हा ते बघायला. बोट रकान्यावरून खाली खाली गेलं आणि सहीपाशी थांबलं. ज. सो. पुढच्या पानावर ज. सो. त्याच्या पुढच्या पानावर.

ते मोड्यावर बसले. चित्रा त्यांच्या गुडघ्यांना धरून रडली, अगदी मोठ्याने रडली. म्हणाली, कोणाला कळणार नाही, म्हणाली मी सगळं नीट करते, म्हणाली चौदा महिने हो फक्त, माझ्यासाठी, मी वचन दिलंय तुम्हाला. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. दुसऱ्या हाताने खिशातलं पेन काढलं, तिच्या कागदावर आडवी एक रेघ मारली, खालचे आकडे वाचता येतील अशी, आणि शेजारी सही करून तारीख घातली. तारीख तिला विचारावी लागली.

"त्या पोरीचे वडील इथेच बसले होते ना?" ते म्हणाले.

"हो."

"फोन आण तुझा. यादीत घाल. उद्या दहा वाजता." आणि ते सांगत गेले, एकेक शब्द, संस्थेत टिपण सांगायचे तसे. "निगमला सांगणे. पाचव्या आठवड्यापासूनची वजनं खोटी आहेत. पुढची मात्रा थांबवावी."

"अहो, उद्या बघू. बरं वाटू दे तुम्हाला."

"उद्या मला आठवणार नाही, चित्रा. आत्ताच घाल. माझ्यासमोर."

तिने घातलं. बोटं चुकत होती, दोनदा पुसून लिहावं लागलं. त्यांनी वाचून खात्री करून घेतली. मग त्यांना भूक लागली आणि त्यांनी मटारभात मागितला.

रात्र चित्राने कशी काढली ते विचारू नका. पहाटे पहाटे तिने एकदा ती ओळ उघडली. डावीकडे सरकवली की ओळ जाते. कोणी खोडलं, कधी खोडलं, काहीच मागे राहत नाही. तिने बोट ठेवलंही होतं. नाही सरकवलं. का ते तिलाही सांगता आलं नसतं. बहुतेक, झोपेत कूस बदलताना त्यांनी तिचा हात धरला म्हणून.

सकाळी धुकं तसंच होतं. जगदीशरावांचा ताप गेला होता, चेहरा प्रसन्न होता. स्वेटर घालून ते चहात टोस्ट बुडवत बसले होते. फेब्रुवारी सोळाच्या समारंभाला वाईहून कोणाकोणाला बोलवायचं, हे त्यांनी आपण होऊन काढलं. म्हणाले, तुझी ती नवी साडी बघू दे ना एकदा. त्यांच्या लेखी काल काही झालंच नव्हतं. कालचं माहीत असणारी घरात चित्रा एकटी उरली होती.

दहा वाजता त्यांच्या फोनची घंटी वाजली. त्यांनी चष्मा लावला, वाचलं. पुन्हा वाचलं. कपाळाला आठी पडली आणि लगेच गेली. बोट चौकटीवर टेकवण्याआधी त्यांनी मान वर केली आणि अगदी विश्वासाने तिला विचारलं, "हे झालं ना गं?"

'हो' म्हणायला काय लागतं? एक अक्षर. तिच्या फोनवर टिंग वाजलं असतं, ओळ गेली असती, तो सहा-सहाने वाढणारा सतरा नंबरही गेला असता, आणि निगमला कळेपर्यंत तरी हार, साडी, चौदा महिने, सगळं तिच्या हातात होतं.

"नाही," चित्रा म्हणाली. "अजून व्हायचंय."

तिने त्यांच्या हातातून फोन काढून घेतला, स्वतःच्या पर्समध्ये टाकला, झेरॉक्सची पानं घेतली आणि रिक्षा बघायला दार उघडलं. जगदीशराव कप ठेवून उठले. काम राहिलंय म्हटल्यावर उठायचं, एवढं अजून होतं त्यांच्यात.

"फार वाईट आहे हे," ते मोजे चढवता चढवता म्हणाले. त्यांचा आवाज चढायला लागला होता. "मुलांचं औषध आहे. कोणी लिहिली गं खोटी वजनं?"

चित्रा खाली वाकली आणि त्यांच्या बुटाची नाडी बांधायला लागली.

"मफलर घ्या," ती म्हणाली. "वाटेत सांगते."